बिडाचे भांडे आणि अब्राहम डार्बी

नमस्कार श्रोतेहो. इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीची हकीकत बहुधा वाफेच्या इंजिनापासून सांगितली जाते. मला मात्र ती स्वयंपाकाच्या भांड्यापासून आणि ते भांडे ओतणाऱ्या अब्राहम डार्बीपासून सांगावीशी वाटते.

डार्बीचा जन्म 1678 साली डडलीजवळच्या एका क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबात झाला. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, दळण्याच्या गिरण्या बनवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या एका कारागिराकडे त्याने उमेदवारी केली. मोड आणलेले धान्य भट्टीवर वाळवताना त्याला दगडी कोळशाच्या धुराचा वास लागू नये, म्हणून या धंद्यातले लोक कोळसा आधी भाजून त्याचा कोक करून घेत. डार्बीच्या पुढच्या कर्तृत्वाचे बीज मला या उमेदवारीतच दिसते.

पुढे ब्रिस्टलला पितळेच्या धंद्यात असताना, सामान्य घरांना परवडेल असे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भांडे करण्याचा त्याला ध्यास लागला. जॉन थॉमस या तरुण मदतनिसाला घेऊन त्याने बंद दाराआड प्रयोग केले. ओतकामाची युक्ती बाहेर फुटू नये म्हणून कुलपाचे भोकसुद्धा बुजवलेले असे, ही आठवण थॉमसच्या घराण्यात सांगितली जाई. 1707 साली, चिकणमाती न वापरता केवळ वाळूच्या साच्यात फुगीर पोटाची भांडी ओतण्याचे पेटंट त्याला मिळाले.

मग त्याने श्रॉपशरमधील कोलब्रुकडेलची मोडकळीस आलेली झोतभट्टी, म्हणजे हवेचा झोत सोडून खनिजातून लोखंड काढण्याची भट्टी, भाड्याने घेतली आणि 1709 साली लाकडी कोळशाऐवजी कोक घालून तिच्यात खनिज वितळवले. कच्च्या दगडी कोळशातील गंधक लोखंडात उतरून ते ठिसूळ होई. कोलब्रुकडेलच्या कोळशात गंधक मुळातच कमी होते, आणि भाजल्यावर ते आणखी घटले. शिवाय कोकच्या लोखंडात सिलिकॉन अधिक उतरत असल्याने त्याचा रस साच्यात सहज पसरे व भांडे पातळ, हलके निघे. लोहारकामाला लागणाऱ्या घडीव लोखंडासाठी मात्र तो माल तितकासा उपयोगी नव्हता, आणि इतर भट्टीवाल्यांनी कित्येक वर्षे त्याचे अनुकरण केले नाही, यामागचे हे एक मोठे कारण होय.

1717 साली, चाळिशीही न गाठता, डार्बी वारला. मुले लहान होती, पण भागीदार आणि जावई यांनी भट्टी चालू ठेवली आणि 1720 नंतर तिथे न्यूकमेनच्या वाफेच्या इंजिनांची बिडाची सिलिंडरे ओतली जाऊ लागली. म्हणजे वाफेच्या इंजिनालाही या भांडी ओतणाऱ्या कारखान्याचा आधार घ्यावा लागला. कोकच्या लोखंडापासून चांगले घडीव लोखंड मिळवण्याचे काम 1750 नंतर त्याच्याच नावाच्या मुलाने पुढे नेले.