एम-1 कार्बाइन: नेम किती, भरवसा किती

लांबी 36 इंचांच्या आत, वजन रिकामी असताना सुमारे 2.4 किलो. अमेरिकी सैन्याने 1941 मध्ये स्वीकारलेली ही एम-1 कार्बाइन, म्हणजे आखूड, हलकी रायफल. ज्यांना पिस्तूल अपुरं पडत होतं आणि पायदळाची नेहमीची गॅरँड रायफल वागवणं जड जात होतं, त्या ड्रायव्हर, मॉर्टरवाल्या आणि सिग्नलच्या सैनिकांसाठी ती बनली. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत साठ लाखांहून अधिक तयार झाल्या. विंचेस्टर आणि जनरल मोटर्सच्या इनलँड विभागाबरोबरच टाइपरायटरवाले अंडरवुड, ज्यूकबॉक्सवाले रॉक-ओला आणि आयबीएम यांनीही त्या बनवल्या.

1963 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या सदस्यांना हीच कार्बाइन सरकारकडून 20 डॉलरला मिळत होती. आज मालकांच्या हातात आहे ती बहुतेक वेळा युद्धानंतर सरकारी कारखान्यात खोलून, हाती लागतील ते सुटे भाग घालून पुन्हा जोडलेली. रिसीव्हर (यंत्रणा बसते तो धातूचा सांगाडा) एका कारखान्याचा, बॅरल (नळी) दुसऱ्याचं, लाकडी दस्ता तिसऱ्याचा. म्हणूनच एक मालक तिच्यावर खूश असतो आणि दुसरा वैतागलेला. दोघांचंही म्हणणं खरं असतं.

आधी नेमाचं बघू. चांगल्या स्थितीतली कार्बाइन, टेकूवरून, 100 यार्डांवर तीन ते पाच इंचांचं ग्रुपिंग देते, म्हणजे गोळ्या तेवढ्या घेरात पडतात. ग्रुप आठ-दहा इंचांवर गेला की लोक बॅरलला दोष देतात. बॅरलकडे वळण्याआधी दस्ता तपासावा.

या बंदुकीचं बॅरल आणि रिसीव्हर दस्त्यात दोनच ठिकाणी धरलेले असतात: पुढे बॅरल बँड (धातूचं कडं), मागे रिकॉइल प्लेट (दस्त्यात स्क्रूने बसवलेला धातूचा तुकडा). चेंबर (बॅरलच्या मागची काडतुसाची जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा, मॅगझिन काढा, बँड सोडवून बंदूक दस्त्यातून बाहेर घ्या. आता रिसीव्हरची मागची टाच रिकॉइल प्लेटमध्ये अडकवा आणि बॅरल हलकेच खाली सोडा. पुढचं टोक लाकडाला न टेकता थोडं वर राहायला हवं आणि बोटांनी दाबल्यावर खाली बसायला हवं. बँड चढवल्यावर हाच ताण बॅरलला प्रत्येक गोळीनंतर त्याच जागी आणतो. बॅरल अलगद खाली पडलं, तर ताण नाही, आणि तिथे ग्रुप पसरणारच. कारण बहुधा रिकॉइल प्लेटचा सैल स्क्रू, नाहीतर प्लेटमागचं दबलेलं, तेलाने मऊ पडलेलं लाकूड. वरची लाकडी पट्टी बँडखाली घट्ट आवळलेली असेल तर तीही बॅरलवर उलटसुलट दाब देते. ती किंचित हलली तरी चालतं.

मग बॅरलचं तोंड. रिसीव्हर मागून बंद असल्याने साफसफाईची सळी पुढूनच घालावी लागते, आणि सैनिकांनी ती वर्षानुवर्षं घातली. तोंडाशी बॅरलच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा झिजल्या की गोळी बाहेर पडताना कलते. आता साफ करताना चेंबरकडून पुल-थ्रू (फडकं बांधलेली दोरी) ओढावा. सळी वापरायचीच असेल तर तोंडाशी गाइड लावूनच. मागची साइट तिच्या खाचेत डुगडुगत नाही ना, तेही पाहा. ती सुंब्याने ठोकून पक्की केलेली असते, आणि ती सुटली तर बाकीची सगळी मेहनत वाया.

आता भरवसा. बंदूक अडकते, तेव्हा बहुतेक वेळा दोषी मॅगझिन असतं. मूळ सैनिकी 15 गोळ्यांचं मॅगझिन आजही सगळ्यात विश्वासू. 30 गोळ्यांचं मॅगझिन एम-2 (याच बंदुकीची सलग गोळ्या झाडणारी आवृत्ती) सोबत आलं, आणि त्याचं वजन जुन्या मॅगझिन कॅचला (मॅगझिन धरून ठेवणाऱ्या खटक्याला) झेपत नाही. पुढचं टोक खाली लोंबतं आणि बोल्ट (काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा भाग) काडतुसावरून घसरतो. त्यासाठी एम-2 पद्धतीचा, डाव्या बाजूला जादा आधार असलेला कॅच बसवतात. मॅगझिनचे ओठ वाकलेले असतील तर पक्कड घेऊन बसू नका, मॅगझिन बदला. आणि एक: 15 च्या मॅगझिनमध्ये शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहत नाही. तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

दुसरा संशयित म्हणजे रिकॉइल स्प्रिंग. नवी स्प्रिंग मोकळी असताना सुमारे सव्वादहा इंच भरते. थकून आखूड झाली की बोल्ट पुरता बंद होत नाही आणि स्लाइड (बोल्टला मागे-पुढे नेणारा भाग) रिसीव्हरवर जोरात आपटते. स्प्रिंग स्वस्त असते, स्लाइड नाही. स्लाइडची कड झिजली तर ती रुळावरून उडी मारते. तशी बंदूक चालवू नये, जाणकार गनस्मिथकडे द्यावी.

गॅस पिस्टनची, म्हणजे गोळीमागच्या गॅसने ढकलला जाऊन स्लाइडला धक्का देणाऱ्या छोट्या दट्ट्याची, परीक्षा कानाने होते. दस्त्यातून काढलेलं बॅरल पुढेमागे कलवा. आत पिस्टन सरकल्याची बारीक खट्ट ऐकू आली पाहिजे. आवाज नाही, म्हणजे काजळी जमलीय. पिस्टन काही मिलिमीटरच सरकतो, तेवढ्याच धक्क्याने सगळी यंत्रणा चालते. तिथे तेल सोडणं ही सर्रास होणारी चूक. ते जळून काजळीच वाढवतं. पिस्टनचा नट खास पान्यानेच निघतो आणि परत ठोकून पक्का करावा लागतो, म्हणून तो दर वेळी खोलायचा नसतो. अमेरिकी सैन्याने या काडतुसाला सुरुवातीपासून गंज न धरवणारे प्रायमर (दारू पेटवणाऱ्या टोप्या) वापरले, ते याचमुळे. परदेशी जुनी, गंजकारक काडतुसं यात घालणं म्हणजे पिस्टनची वाट लावणं.

कोरियाच्या युद्धात 1950 च्या हिवाळ्यात या बंदुकीची बदनामी झाली. कडाक्याच्या थंडीत घट्ट झालेल्या तेलाने स्लाइड मंदावली. थंडीत पातळ तेलाचा हलका हात पुरतो. गोळी शत्रूला थांबवत नाही, ही तक्रारही तेव्हाचीच. तिच्याकडे पाहताना अंतर विसरू नये. 110 ग्रेनची (सुमारे 7 ग्रॅमची) गोल नाकाची गोळी सेकंदाला सुमारे 600 मीटर वेगाने निघते आणि तो वेग झपाट्याने गमावते. 100 यार्डांवर साइट जुळवली, तर 200 वर ती फूटभराहून खाली जाते, 300 वर जवळपास चार फूट. साइटवर 300 चा आकडा कोरलेला आहे खरा, पण शिकारीसाठी किंवा स्पर्धेसाठी ती 150 च्या आतच वापरावी.

काडतुसांची रिकामी पितळी कवचं पुन्हा भरणाऱ्यांसाठी इतकंच: हे काडतूस चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवर टेकतं. कवचाची लांबी 1.290 इंचाच्या वर गेली की बोल्ट पूर्ण बंद होत नाही. प्रत्येक वेळी कॅलिपरने मोजा आणि जादा वाढलेलं छाटा.