घरी आल्यावर टाक्यांची काळजी

हे पोटावरचे टाके बघा, ऑपरेशनला पाच दिवस झालेत आणि पेशंट कालच घरी आलाय. कडेला हलकी गुलाबी रेघ दिसतेय ना, तिला घाबरायचं कारण नाही, जखम भरताना एवढं होतंच. पण हीच लाली उद्या बोटभर पसरली, हात लावल्यावर गरम लागली आणि दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं तर मात्र थांबायचं नाही.

जखमेचं इन्फेक्शन ऑपरेशननंतर ३० दिवसांपर्यंत कधीही होऊ शकतं, आणि बऱ्याचदा ते डिस्चार्ज मिळाल्यावरच दिसतं. म्हणजे तेव्हा नर्स नाही, डॉक्टरांचा राउंड नाही, बघणारे घरचेच. म्हणून रोज एकदा चांगल्या उजेडात जखम बघा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कालचा नि आजचा फोटो शेजारी ठेवला की फरक लगेच कळतो, डॉक्टरांना दाखवायलाही बरं पडतं.

ड्रेसिंगला हात लावण्याआधी साबणाने निदान २० सेकंद हात धुवायचे, नखांच्या खाली, बोटांच्या मधे, आणि हे पेशंटने पण करायचं, कारण खाज सुटली की हात नकळत तिकडेच जातो. साधारण ४८ तासांनी डॉक्टर अंघोळीला परवानगी देतात, तेव्हा पाणी वरून वाहू द्या, जखम चोळू नका, नंतर स्वच्छ टॉवेलने नुसती टिपून कोरडी करा. टबमधे किंवा स्विमिंग पूलमधे मात्र जखम पूर्ण भरेपर्यंत बसायचं नाही. पोटाला घडी पडत असेल तर घामाने ओल तिथेच धरते, ती जागा विसरू नका. बेंबीतला टाका पण असाच नजरेतून सुटतो.

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पावडर, लेप, हायड्रोजन पेरॉक्साइड काहीच लावू नका, पेरॉक्साइडने नवीन तयार होणाऱ्या पेशींनाच इजा होते. शुगर असेल तर ती कंट्रोलमधे ठेवा. सिगारेट प्लीज बंद, जखमेला ऑक्सिजन कमी मिळतो हो.

पू आला, घाण वास आला, ताप १००.४ च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. घरातल्या जुन्या अँटिबायोटिक्स स्वतःच्या मनाने सुरू करू नका. आणि अचानक भरपूर गुलाबी पाणी आलं किंवा टाके उघडले, तर पेशंटला गुडघे वाकवून झोपवा, जखमेवर स्वच्छ ओलं कापड ठेवा, खायला-प्यायला काही देऊ नका, आतलं काही बाहेर दिसलं तरी आत ढकलू नका आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा.