अमेरिकेच्या रेडिओवर जागा मिळवताना

नमस्कार श्रोतेहो. ब्रिटिश बँड आणि अमेरिका म्हटलं, की 9 फेब्रुवारी 1964 चा रविवार हटकून आठवतो. एड सलिव्हन यांच्या टीव्ही कार्यक्रमात बीटल्स गायले, सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांनी ते पाहिलं, आणि त्या रात्रीत अमेरिका त्यांची झाली, असं सांगतात. तारखा मात्र वेगळं बोलतात. ‘आय वॉन्ट टू होल्ड युवर हँड’ बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या यादीत पहिलं आलं ते 1 फेब्रुवारीला. बँड न्यूयॉर्कला उतरला 7 तारखेला. काम आधीच झालं होतं, आणि ते रेडिओनं केलं होतं.

त्याआधी 1963 चं जवळजवळ सगळं वर्ष कॅपिटल ही अमेरिकी रेकॉर्ड कंपनी बीटल्सना नाकारत होती. गंमत म्हणजे कॅपिटल होती ईएमआयच्या, म्हणजे बीटल्सच्याच ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या, मालकीची! मग शिकागोच्या व्ही-जे आणि फिलाडेल्फियाच्या स्वान या छोट्या कंपन्यांनी तबकड्या काढल्या. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं ‘शी लव्ह्ज यू’ अमेरिकेत तेव्हा पडूनच राहिलं. गाणं तेच, पण केंद्रांनी वाजवलं नाही. डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या डब्ल्यूडब्ल्यूडीसी केंद्रावर कॅरल जेम्स या निवेदकानं इंग्लंडहून मागवलेली ‘आय वॉन्ट टू होल्ड युवर हँड’ची नवी तबकडी लावली आणि फोन खणखणू लागले. कॅपिटलनं त्या गाण्याचं जानेवारीतलं प्रकाशन 26 डिसेंबरवर ओढलं. शाळांना नाताळची सुट्टी होती, पोरं घरी ट्रान्झिस्टरला चिकटलेली होती.

त्या काळी ब्रिटनमध्ये बीबीसी आणि दोन-चार संगीत साप्ताहिकं साधली, की पंधरवड्यात देशभर नाव व्हायचं. अमेरिकेत तसं एक केंद्रच नव्हतं. हजारो स्थानिक केंद्रं, प्रत्येकाचा स्वतंत्र कार्यक्रम-प्रमुख. क्लीव्हलंडमध्ये गाजलेला बँड डॅलसमध्ये कुणाला ठाऊकही नसायचा. त्यातच 1967 पासून मोठ्या शहरांतल्या एफएम केंद्रांना आपल्याच एएम केंद्राचे कार्यक्रम निम्म्याहून जास्त वेळ लावायला बंदी आली. मोकळे तास भरायला सहा-सात मिनिटांची गाणी चालू लागली. लेड झेपलिन या ब्रिटिश बँडच्या व्यवस्थापकानं, पीटर ग्रँटनं, हे नेमकं हेरलं. बँडचा अमेरिका दौरा 26 डिसेंबर 1968 ला डेन्व्हरहून सुरू झाला. पहिला अल्बम अमेरिकेत जानेवारीत आला, मायदेशी मार्चमध्ये.

डेन्व्हरहूनच 1974 च्या एप्रिलमध्ये क्वीन या ब्रिटिश बँडनं सुरुवात केली, मॉट द हूपल या बँडच्या आधी वाजवत. आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी तेव्हा तिथं कुणाच्या खिजगणतीत नव्हता. आधी वाजवणाऱ्याला साधारण 30 ते 40 मिनिटं मिळतात, तीही मुख्य बँडच्या सामानापुढच्या चिंचोळ्या पट्टीत. मुख्य बँडची ध्वनिचाचणी लांबते आणि तुमची राहून जाते. म्हणून पहिलं गाणं दणदणीत आणि सरळ ठेवायचं. त्या चार मिनिटांत ध्वनिमिश्रण करणारा आवाजांची पातळी बसवून घेतो. नाजूक गाणं आधी घेतलं, तर गायकाचा आवाज ड्रमखाली गाडला जातो.

विजेचा घोळ वेगळाच. ब्रिटनमध्ये 230 ते 240 व्होल्ट, 50 हर्ट्झ. अमेरिकेत 120 आणि 60. अॅम्प्लिफायरच्या पाठीमागची कळ 120 वर फिरवायची आणि विद्युतप्रवाह दुप्पट होतो म्हणून फ्यूजही त्या हिशेबानं बदलायचा. कळ विसरलात तर आवाज मेलेला येतो, कारण आतले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, पुरते तापतच नाहीत. घरी परतल्यावर विसरलात तर फ्यूज तरी उडतो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो. हॅमंड ऑर्गन या विजेवरच्या वाद्याला हा उपाय चालत नाही. त्याची मोटर हर्ट्झच्या तालावर फिरते, ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट बदलतो. ब्रिटनचा ऑर्गन तिथं लावला, तर सा दाबल्यावर कोमल गंधार ऐकू येतो. तो तिथंच भाड्यानं घ्यावा.

क्वीनचा तो 1974 चा पहिला दौरा गिटारवादक ब्रायन मे यांना कावीळ झाल्यानं अर्धवट राहिला, पण 1975 मध्ये ते पुन्हा आले. 1980 साली त्यांची दोन गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती. मग 1984 मध्ये त्यांनी बायकांचा वेश घेतलेल्या व्हिडिओनं तिथं त्यांचा घात केला, असं म्हणतात. व्हिडिओनं नुकसान केलं असेलही, पण माझ्या मते मोठं कारण दुसरं आहे. 1982 नंतर मर्क्युरीसह क्वीननं अमेरिकेत दौराच केला नाही. केंद्रांवर जाणं थांबलं, की तिथं जागा रिकामी राहत नाही. ओएसिस या ब्रिटिश बँडनं तर 1996 मध्ये अमेरिकेचा दौरा मध्येच सोडला.

आता नव्या बँडसाठी हिशेबाचं. परदेशी बँडना अमेरिकेत वाजवायला लागणाऱ्या पी-1 व्हिसाच्या अर्जाचं शुल्क एप्रिल 2024 मध्ये 460 डॉलरवरून 1,615 वर गेलं. लहान संस्थांना ते कमी भरावं लागतं. बँडचे किमान 75 टक्के सदस्य वर्षभर एकत्र असावे लागतात आणि तंत्रज्ञांचा अर्ज वेगळा भरावा लागतो. कर 30 टक्के, तोही नफ्यावर नाही, एकूण मानधनावर कापला जातो. तो कमी करून घ्यायचा करार पहिल्या कार्यक्रमाच्या किमान 45 दिवस आधी मागावा. पहिली फेरी बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन एवढीच ठेवावी. यातल्या लागोपाठच्या दोन शहरांमधलं सर्वांत लांबचं अंतर साधारण 215 मैल आहे, एका व्हॅनमध्ये भागतं. डेन्व्हरहून सॉल्ट लेक सिटी मात्र 500 मैलांहून लांब, म्हणजे अख्खा दिवस रस्त्यावर. त्या दिवशी तिकीटविक्री शून्य, आणि हॉटेल, इंधन, जेवण यांचा खर्च मात्र नेहमीइतकाच.