थायरॉईड बिघडला की शुगरचा हिशेब चुकतो

नमस्कार मंडळी. डायबेटिसच्या माणसाची शुगर वर-खाली झाली की पहिला संशय जिलबीवर जातो. घरच्यांचाही जातो आणि खरं सांगायचं तर आम्हा डॉक्टरांचाही. ‘काहीतरी खाल्लं असणार’ म्हणून आपण मोकळे होतो. मला आज एवढंच सांगायचंय, की पथ्य तेच, गोळ्या त्याच, आणि तरी शुगर ऐकत नसेल, तर पेशंटची उलटतपासणी घेण्याआधी एकदा टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून बघा (थायरॉईड कमी पडला की हा आकडा वाढतो).

आधी वाढलेल्या थायरॉईडचं बघू. हे संप्रेरक जास्त झालं की खाल्लेल्यातली साखर आतड्यातून झपाट्यानं रक्तात उतरते. यकृत साठवलेली साखर सोडतं, वर नवीन तयार करत बसतं. इन्शुलिनही नेहमीपेक्षा लवकर संपतं. अशा माणसाची जेवणानंतरची शुगर भडकते आणि वजन उतरायला लागतं. डायबेटिस आहे हे माहीतच असतं, त्यामुळे वजन उतरल्याचं खापर सगळे शुगरवरच फोडतात. हात थरथरतात, छातीत धडधडतं, उकाडा सोसत नाही, पण याकडे कुणी बघत नाही.

इथे एक धोका आहे. धडधडीसाठी आपण बऱ्याचदा प्रोप्रॅनोलॉल देतो. शुगर खूप खाली गेली की जी धडधड आणि थरथर माणसाला सावध करते, तीच या गोळीनं दबते. घाम मात्र फुटतो. म्हणून इन्शुलिन घेणाऱ्यांनी ही गोळी चालू असताना विनाकारण दरदरून घाम आला, तर आधी ग्लुकोमीटर काढावा. दुसरं म्हणजे कार्बिमाझोलनं थायरॉईड ताब्यात आला की शुगरही उतरते. मग इन्शुलिनचे वाढवलेले युनिट तसेच ठेवून चालत नाही.

आता आपल्याकडे जास्त आढळणारा प्रकार, म्हणजे थायरॉईड कमी पडणं. यात दोन्हीकडून ओढाताण असते. स्नायू इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणजे शुगर वाढायला हवी. पण इन्शुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं आणि यकृत नवीन साखर बनवण्यात आळस करतं. त्यामुळे इन्शुलिनवर असलेल्या माणसाची शुगर, डोस न बदलताही, पहाटे तीनला पन्नासवर येऊ शकते. पुढे थायरॉईडची गोळी सुरू झाली की इन्शुलिनची गरज पुन्हा वाढते. औषध लागू पडतंय, त्याचाच हा परिणाम. डायबेटिस बळावला म्हणून घाबरायचं कारण नाही.

तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, तीसुद्धा इथे फसवते. ही तपासणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि या पेशी साधारण १२० दिवस जगतात. थायरॉईड कमी असला की अस्थिमज्जेचं काम मंदावतं, नव्या पेशी कमी येतात, रक्तात जुन्या पेशींचा भरणा होतो. जुन्या पेशीवर साखर जास्त दिवस चढलेली असते, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा मोठा दिसू शकतो. गोळी सुरू केल्यावर नव्या पेशी येतात आणि ग्लुकोज फारसं न हलताही एचबीएवनसी थोडं उतरतं. त्याच सुमारास कुणी कारल्याचा रस सुरू केलेला असेल, तर श्रेय कारल्याला! थायरॉईड वाढलेला असला की उलटा प्रकार होतो, पेशी लवकर बदलतात आणि आकडा फसवा चांगला दिसतो. म्हणून थायरॉईड स्थिर होईपर्यंत ग्लुकोमीटरवरच्या उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या आकड्यांवर जास्त भरवसा ठेवा.

ज्या मुलांना टाइप वन डायबेटिस आहे, त्यांच्या आई-वडिलांसाठी दोन वाक्यं. ज्या प्रतिकारशक्तीनं स्वादुपिंडावर हल्ला केला, ती थायरॉईडवरही करू शकते. म्हणून निदानानंतर लवकरच आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी टीएसएच करायचा.

कमी पडलेल्या थायरॉईडसाठीच्या गोळीचं म्हणाल, तर ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासानं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं. डबीतल्या सगळ्या गोळ्या सकाळी एकदमच घेऊन टाकायच्या, ही सवय इथे नडते. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. काही पद्धतींमध्ये त्यानं टीएसएच खोटा कमी येतो. डोस बदलल्यावर फेरतपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधी घाई करून उपयोग नाही.

शेवटी एका काकांनी विचारलं, “माझं वय ७२, टीएसएच ६ आलाय, बाकी काही त्रास नाही. शुगर सुधारावी म्हणून गोळी घेऊ का?” काका, नुसत्या शुगरसाठी नको. या वयात एवढी वाढ बऱ्याचदा औषधाशिवाय आपोआप जागेवर येते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. उगाच गोळी घेतली आणि डोस जास्त झाला, तर हृदयाचे ठोके बिघडतील, हाडं ठिसूळ होतील, आणि शुगर वाढेल ती वेगळीच.