एका कॅनव्हासवर दोन हात

१४ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या सोहो भागात, मर्सर स्ट्रीटवरील टोनी शाफ्राझी यांच्या कलादालनात एक प्रदर्शन सुरू झाले. त्याच्या पिवळ्या भित्तिपत्रकावर, मायकेल हॉल्सबँड यांनी काढलेल्या छायाचित्रांत, दोन चित्रकार मुष्टियोद्ध्यांचे हातमोजे घालून उभे होते: ५७ वर्षांचे अँडी वॉरहॉल आणि २४ वर्षांचे झाँ-मिशेल बास्किया. समीक्षकांनी हे भित्तिपत्रक फारच शब्दशः घेतले, आणि लढतीत कोण वरचढ ठरले याच चर्चेत भिंतींवरची १६ चित्रे मागे पडली. त्यांच्यावर अन्याय झाला, असे आम्हाला वाटते. म्हणून आज या दोघांच्या चित्रांवरचे रंगांचे थर आपण सावकाश पाहणार आहोत.

वॉरहॉल जाहिरातींच्या रेखाटनांतून पॉप आर्टकडे, म्हणजे जाहिराती आणि बाजारातल्या रोजच्या प्रतिमांनाच चित्राचा विषय करणाऱ्या कलेकडे, आले होते. १९६२पासून त्यांनी सिल्कस्क्रीनचे, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग दाबून प्रतिमा छापण्याचे, तंत्र हाती घेतले आणि एकच प्रतिमा पुन्हा पुन्हा छापत चित्रातून स्वतःच्या हाताची खूण जवळजवळ पुसून टाकली. बास्किया यांची सुरुवात मात्र मॅनहॅटनच्या भिंतींवर झाली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मित्र अल डियाझ यांच्यासोबत ते ‘सेमो’ या नावाने तेथे लिहीत असत. ग्राफिटी म्हणताच डोळ्यांसमोर येणारी फुगीर, रंगीत अक्षरे त्यात नव्हती. साध्या ठसठशीत अक्षरांतली, कोड्यासारखी वाक्ये होती. शब्द हेच चित्र, ही त्यांची समज या भिंतींवर घडली असावी.

४ ऑक्टोबर १९८२ रोजी झुरिचचे कलाविक्रेते ब्रुनो बिशोफबर्गर बास्कियांना वॉरहॉल यांच्याकडे जेवायला घेऊन गेले. तेथे पोलरॉइड छायाचित्रे काढली गेली. बास्किया घाईने घरी परतले आणि सुमारे दोन तासांत दोघांचे जोडचित्र वॉरहॉल यांच्यापुढे हजर झाले. त्यावरचा रंग अजून ओला होता. पुढे बिशोफबर्गर यांच्याच सूचनेवरून इटालियन चित्रकार फ्रांचेस्को क्लेमेंते यांच्यासह तिघांनी एकमेकांच्या कॅनव्हासवर काम केले. तो उपक्रम संपल्यावरही वॉरहॉल आणि बास्किया थांबले नाहीत, आणि दोघांची मिळून सुमारे १६० चित्रे झाली.

त्यांची रीत अशी होती. बहुधा वॉरहॉल आरंभ करीत: एखाद्या कंपनीचे बोधचिन्ह किंवा वर्तमानपत्राचा मथळा ते प्रोजेक्टरने कॅनव्हासवर मोठा पाडत आणि ब्रशने रंगवत. मग बास्किया त्यावर अ‍ॅक्रिलिक आणि ऑइल स्टिकने (तेलरंगाच्या कांडीने) चेहरे, हाडे, शब्द काढत, काही भाग रंगाखाली झाकत आणि वॉरहॉल यांना पुन्हा त्यावर काम करायला लावत. शब्द खोडला की लोक तो अधिक लक्ष देऊन पाहतात, असे बास्किया म्हणत. त्यांची खोडाखोड म्हणजे नजर थांबवण्याची युक्ती होती. दुसऱ्या बाजूला, ज्या वॉरहॉल यांनी वर्षानुवर्षे छपाईवर भिस्त ठेवली, ते या तरुण सहकाऱ्यामुळे पुन्हा हाताने रंगवू लागले. या सहकार्याची सर्वांत मोठी कमाई आमच्या मते हीच आहे.

‘आर्म अँड हॅमर २’ हे चित्र पाहा. खाण्याच्या सोड्याच्या डब्यावरचे, हातोडा उगारलेल्या दंडाचे ओळखीचे गोल चिन्ह वॉरहॉल यांनी दोनदा रंगवले. त्यांतील एका वर्तुळात बास्किया यांनी सॅक्सोफोन वाजवणारा कृष्णवर्णीय वादक बसवला आणि वर्तुळाला नाण्याचे रूप दिले. त्यावर १९५५ हे साल आहे. जॅझचे थोर वादक चार्ली पार्कर यांचे निधन त्याच वर्षी झाले. नाण्यांवर राष्ट्रपुरुष असतात, तेथे हा वादक आला आहे. शेजारी दुसरा दंड आपल्या जागी तसाच आहे, आणि त्यामुळेच पहिल्या वर्तुळातला बदल डोळ्यांत भरतो.

प्रदर्शन सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या परीक्षणाने हे सहकार्य म्हणजे वॉरहॉल यांची खेळी ठरवली आणि बास्कियांना तिचे राजीखुशीचे साधन म्हटले. तरुण चित्रकाराच्या मनाला हे लागले, भेटी कमी झाल्या, आणि एकत्र चित्रे काढणे जवळपास थांबले. ज्यांच्या दालनात हे घडले त्या शाफ्राझी यांनी १९७४ मध्ये स्वतः पिकासोंच्या ‘गेर्निका’ या प्रसिद्ध युद्धविरोधी चित्रावर लाल स्प्रेने अक्षरे लिहिली होती, हेही येथे नोंदवावेसे वाटते. दुसऱ्याच्या चित्रावर उमटलेला हात कोणत्या क्षणी आघात होतो आणि कोणत्या क्षणी संवाद, हा प्रश्न त्या भिंतींना नवा नव्हता.

२२ फेब्रुवारी १९८७ रोजी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर वॉरहॉल यांचे निधन झाले. १२ ऑगस्ट १९८८ रोजी बास्किया गेले. ते २७ वर्षांचे होते. २०२३ मध्ये पॅरिसच्या लुई व्हितों फाउंडेशनने दोघांच्या सह्यांची सुमारे ८० चित्रे एकत्र मांडली, तेव्हा प्रेक्षकांना ती पुन्हा एकमेकांशेजारी पाहता आली.

वॉरहॉल यांच्या जन्मगावी, पिट्सबर्गमध्ये, त्यांच्या नावाच्या संग्रहालयाकडे या जोडीची एक वेगळी कृती आहे. मुष्टियुद्धाच्या सरावाच्या दहा पांढऱ्या पिशव्या ओळीने टांगलेल्या आहेत. प्रत्येकीवर वॉरहॉल यांनी लिओनार्दोंच्या ‘अखेरच्या भोजना’तील ख्रिस्ताचा चेहरा रंगवला आहे, आणि त्या चेहऱ्याभोवती बास्किया यांच्या अक्षरांत एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो: ‘न्यायाधीश’.