भांगलणीतून सुटलेलं गवत

नमस्कार श्रोतेहो.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं भाताची लावणी उरकली की थोड्याच दिवसांत भांगलण सुरू होते. भातात एक गवत उगवतं, सावा जातीचं. गावागणिक त्याचं नाव बदलतं. कोवळं असताना ते इतकं भातासारखं दिसतं की नवखा माणूस गवत ठेवतो आणि भात उपटतो. मुरलेली बाई मात्र फसत नाही. पान जिथं दांड्याला मिळतं तिथं भाताला एक पातळ पांढरा पापुद्रा असतो. या गवताला तो नसतो.

आता प्रश्न असा, की हे गवत भाताचं सोंग शिकलं कुठं? शिकलं कुठंच नाही. याच गवताची दुसरी रोपं आडवी पसरतात, बुडाशी लालसर असतात. ती पटकन डोळ्यांत भरतात आणि उपटली जातात. एखादं रोप जन्मतःच ताठ आणि हिरव्या बुडाचं निघतं, ते हाताखालून सुटतं. पुढच्या साली शेतात बी कुणाचं पडणार? सुटलेल्याचंच. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यातल्या अशा गवताचा डीएनए शास्त्रज्ञांनी तपासला. भातासारखी दिसणारी जात तिथं साधारण हजार वर्षांपूर्वी वेगळी झाली, असं त्यांनी २०१९ साली मांडलं. गंमत बघा, भांगलणाऱ्या पिढ्यांनी गवत संपवायचा प्रयत्न केला आणि त्यातूनच त्याला भाताचं रूप आलं.

माणसाचा हात बाजूला करा. त्या जागी ऊन, दुष्काळ, रोग, शिकारी प्राणी ठेवा. झाली नैसर्गिक निवड. चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड वॉलेस यांनी ही कल्पना १८५८ साली लंडनमध्ये एकत्र मांडली, आणि डार्विनचा ग्रंथ पुढच्याच वर्षी आला. वॉलेसचं नाव आपल्याकडं फारसं कुणी घेत नाही, ते घ्यायला हवं.

निपाणी भागातले तंबाखूवाले एक वाक्य नेहमी बोलतात: "अळीला औषधाची सवय झाली." बोलायला ठीक आहे, पण घडतं ते वेगळं. ज्या अळीला औषध लागू पडतं ती मरते, तिला सवय व्हायला सवडच मिळत नाही. हजारोंत एखाद्या अळीच्या अंगात ते विष पचवायची ताकद फवारणीच्या आधीपासूनच असते. बाकीच्या मेल्या की शेत तिला मोकळं. तिचे पतंग होतात, अंडी घालतात, आणि ती ताकद पिलांत उतरते. आपण तेच औषध परत मारतो, प्रमाण वाढवून मारतो, म्हणजे चाळण आणखी बारीक करतो. दुकानदार दुसऱ्या कंपनीची बाटली देतो, पण आतला घटक बहुधा तोच असतो. कृषी खात्याची माणसं घटकाचा गट बदलून फवारा म्हणतात ते याचसाठी. डार्विनचा सिद्धांत नाकारणाऱ्यालाही हा सल्ला उपयोगी पडतो.

कुणी म्हणेल, ही शेतातली गोष्ट झाली, रानात कुणी मोजून पाहिलंय का? पाहिलंय. गॅलापागोस बेटांपैकी एका लहान बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जोडप्यानं फिंच पक्षी पकडून, चोची मोजून, खुणेची कडी घालून सोडले. १९७७ साली तिथं पाऊस जवळजवळ पडलाच नाही. बारीक बी संपलं, कठीण कवचाचं उरलं. ते फोडता येईल अशा जाड चोचीचे पक्षी जास्त जगले, आणि पुढच्या पिढीच्या चोची सरासरी सुमारे ४ टक्के जाड निघाल्या. एका दुष्काळात एवढा फरक! अथणीकडच्या मंडळींना दुष्काळ काय करू शकतो ते सांगायला नको.

आता तो नेहमीचा प्रश्न. माणूस माकडापासून झाला, तर आजची माकडं माणूस का होत नाहीत? अहो, आपला चुलतभाऊ म्हणजे काही आपला आजा नव्हे. आजची माकडं आपले चुलतभाऊ, आणि दोघांचा मूळ पुरुष केव्हाच गेला. या नात्याचा पुरावा आपल्याच अंगात आहे. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व शरीरातच बनवतात. आपल्याला लिंबू-आवळा खावा लागतो, कारण ते बनवण्यात ज्याची गरज असते असा एक जनुक आपल्यात मोडका पडलाय. वानरांत आणि माकडांतही तोच जनुक मोडका आहे. गिनीपिगमध्येही मोडलाय, पण तो निराळ्या जागी. नातं नसतं तर आपली आणि माकडाची मोडतोड इतकी जुळली नसती.

हाडंही हेच सांगतात. भीमगडच्या रानात, तळेवाडीजवळ, बारापेडे गुहा आहेत. रॉटनचं वटवाघूळ जगाला पहिल्यांदा कळलं ते तिथून, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. कुठल्याही वटवाघळाचा पंख म्हणजे आपलाच हात: दंडाचं हाड, मनगट, अंगठा, आणि कातडं ताणून धरणारी चार लांबलचक बोटं.

आणि शेवटी देवमाशाची गोष्ट, कारण ती आपल्याच देशातल्या दगडात सापडली. जम्मूमध्ये कालाकोटजवळ भूगर्भशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जीवाश्मांचे दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या मागं ते दगड हान्स थेविसन या शास्त्रज्ञाकडं गेले. साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आत कानाचं हाड दिसलं, एका बाजूला भिंतीसारखं जाड. असं हाड तोवर फक्त देवमाशांच्या कुळात माहीत होतं. हा प्राणी मात्र मांजराएवढा, चार पायांचा, खुरांचा, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. त्याचं नाव इंडोह्यूस, देवमाशांचा जमिनीवरचा जवळचा नातलग. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. आपण बेळगावहून गोव्याला जातो, होडीत बसून डॉल्फिन बघतो. तो डॉल्फिन याच देवमाशांच्या कुळातला. माशासारखी शेपटी आडवी न हलवता तो वर-खाली मारतो, जशी पळणाऱ्या चौपाया जनावराची पाठ वर-खाली होते, आणि श्वास घ्यायला दर थोड्या वेळानं पाण्याबाहेर येतो. नमस्कार.