चित्र वाचायला शिकवणारे ग्रंथपाल

(मांडवीचा रस्ता, मग मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत)

बडोद्याचं ग्रंथालय म्हटलं की आपण गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्यांबद्दल बोलतो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डेन या ग्रंथपालांना बोलावलं आणि ग्रंथालय खातं उभं राहिलं, इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच खात्याची एक दृश्य शिक्षण शाखाही होती, ती मात्र आठवणीतून निसटली.

या शाखेकडे मॅजिक लँटर्नच्या, म्हणजे काचेवरचं चित्र दिव्याच्या उजेडानं पडद्यावर पाडणाऱ्या यंत्राच्या, काचपट्ट्या होत्या, स्टिरिओस्कोप होते आणि चक्क सिनेमाचं यंत्र होतं. स्टिरिओस्कोपात एकाच दृश्याचे, किंचित वेगळ्या कोनातून टिपलेले दोन फोटो शेजारी शेजारी लावतात. भिंगांतून पाहिलं की ते एक होतात आणि चित्राला खोली येते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ग्रंथालयाचा उपयोग झाला पाहिजे, हा विचार त्यामागे दिसतो. मला तो आजही धाडसी वाटतो.

(कॉलेजचं ग्रंथालय, संगणकापुढे विद्यार्थी)

आता सिनेमा प्रत्येकाच्या खिशात आहे. दृक्‌श्राव्य विभागाच्या ग्रंथपालाला दाखवण्याचं काम फारसं उरलेलं नाही, तपासायला शिकवण्याचं मात्र वाढलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोदा शहरात शिरलं, मगरीही आल्या, आणि त्यांचे व्हिडिओ पाण्याहून वेगानं पसरले. समजा, प्रकल्पासाठी कुणी त्यातलाच एक घेऊन आला.

“मॅडम, हा वापरू ना? खरा आहे.”

“मगर खरी आहे रे. साल कुठलं?”

कारण २०१९ च्या पुरातही मगरी रस्त्यांवर आल्या होत्या. मग शिकवणी सुरू होते, तीही काउंटरवरच, उभ्या उभ्या. व्हिडिओ थांबवून त्यातलं एक चित्र घ्यायचं आणि ते इंटरनेटवर आधी कुठं आलंय ते शोधायचं. सर्वांत जुनी प्रत कुणी, कधी टाकली ते बघायचं. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर वाचायचे. आवाज मूळचा की मागाहून चिकटवलेला, तेही ऐकायचं. आणि संदर्भ देताना नुसती लिंक पुरत नाही, मिनिट-सेकंदही लिहायचे.

हक्कांचा भाग मुलांना सर्वांत कंटाळवाणा वाटतो, आणि अडकतात तीही तिथंच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिक्षणसंस्थेला तिच्या उपक्रमात चित्रपट दाखवू देतं. प्रेक्षक मात्र विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी थेट संबंध असलेलीच माणसं हवीत. त्यातलाच तुकडा गॅदरिंगच्या व्हिडिओत घालून यूट्यूबवर टाकला, की ही सवलत पुरत नाही.

(वेळापत्रकाचा फलक)

बडोद्यात ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग १९११ मध्येच सुरू झाला होता. आजच्या विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकात मात्र ग्रंथपालाला सहसा वर्षारंभीचा एकच तास मिळतो, आणि त्यातला निम्मा ओळखपत्रं वाटण्यात जातो. बाकीचं शिकवणं काउंटरवर, रांग लागलेली असताना.